उलट उत्तरं देणाऱ्या पोरांचं काय करायचं? (नववीचा वर्ग)

सायली_विज्ञान | सोमवार, रात्री ९.१०

इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून विचारते. पवित्र पोर्टलमधून (शिक्षकभरतीचं सरकारी पोर्टल) निवड होऊन मी गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत लागले. विज्ञान, आठवी ते दहावी. आठवी आणि दहावीची पोरं दंगा करतात, पण ते चालतं. प्रश्न नववी ब चा आहे. पट ६२, त्यात मागच्या दोन रांगा म्हणजे वेगळंच संस्थान.

परवा 'कार्य आणि ऊर्जा' चालू होतं. डोक्यावर ओझं घेऊन माणूस नुसता उभा असेल तर विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य, एवढं सांगून मी फळ्याकडे वळले. मागून आवाज आला, "म्हणजे मॅडमसारखं. कार्य शून्य, पगार अठरा हजार." वर्ग बाकं बडवून हसला. (मी अजून शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधी ठरलेल्या मानधनावर काम करणारी शिक्षिका. ते मानधन गावात सगळ्यांना पाठ असतं.) कोण बोललं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. मी त्याला बाहेर उभं केलं. तो दाराच्या चौकटीला टेकून आत वाकुल्या दाखवत राहिला. तेवढ्यात मुख्याध्यापक राउंडला आले, त्याचा खांदा धरून त्याला आत आणलं आणि दारातूनच मला म्हणाले, "मॅडम, पोरं बाहेर काढायची नाहीत. वर्ग सांभाळता आला पाहिजे." सगळ्या वर्गासमोर.

तेव्हापासून हजेरी घेताना मागून खोकला येतो, आणि त्या खोकल्यात 'अठरा' स्पष्ट ऐकू येतं. स्टाफरूममधला सल्ला एकच: एक सणसणीत ठेवून द्या, वर्षभर चिंता नाही. मला मारायचं नाहीये, आणि रोज अपमान गिळून घरीही यायचं नाहीये. तुम्ही काय करता?

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ९.२२

वाचतेय. आमच्याकडे सातवीतच हे सुरू झालंय.

खडूपूड | सोमवार, रात्री १०.०५

सायली मॅडम, राग मानू नका, पण विनोद जमलाय. कार्याची व्याख्या त्या पोराच्या डोक्यात पक्की बसली आहे आणि शिकवल्या शिकवल्या त्याने ती वापरलीसुद्धा. असा पोरगा मठ्ठ नसतो, रिकामा असतो.

मुद्द्याचं. काही मुलं एकटी भेटली तरी उद्धटच वागतात. तिथे घरी काहीतरी बिनसलेलं असतं, नाहीतर शाळेनंच कधीतरी त्यांचा पाणउतारा केलेला असतो, आणि तो गुंता सावकाश सोडवावा लागतो. पण तुम्ही सांगताय तो नमुना वेगळा दिसतो. हा पोरगा तुमच्याशी बोलतच नव्हता, तो मागच्या दोन रांगांशी बोलत होता. तुम्ही निमित्त. त्यामुळे वर्गासमोर तुम्ही जे काही कराल, ओरडाल, बाहेर काढाल, रडाल, तो त्याच्या नाटकाचा दुसरा अंक ठरतो. दारात उभं करणं म्हणजे तर त्याला विंगेतून उचलून थेट स्टेजवर आणणं. चौकटीत उभा, समोर अख्खा वर्ग!

त्या क्षणाला माझं ठरलेलं आहे. बोलणं थांबवायचं, त्याच्याकडे बघायचं, आवाज नेहमीपेक्षा खाली आणून नाव घ्यायचं आणि "शेवटच्या तासानंतर मला भेट" एवढंच म्हणून पुढचं वाक्य थेट धड्याचं. "काय म्हणालास? पुन्हा बोल!" हे कधीच विचारायचं नाही. कारण तो पुन्हा बोलतो. "स्वतःला कोण समजतोस?" हेही नाही. या प्रश्नाचं उत्तर चौदा वर्षांच्या पोराकडे तयार असतं.

आणि भेट स्टाफरूममध्ये ठेवू नका. तिथे आठ जण बसलेले असतात आणि प्रत्येकाला आपापला हिशेब चुकता करायचा असतो. "हा ना? हा तर माझ्या तासालाही..." असं सुरू झालं की पोरगा गप्प बसतो आणि मनात सगळ्यांची नोंद करतो. प्रयोगशाळा बरी. दार उघडं, दुसरं कोणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात.

अजून एक. इथे कोणीतरी सांगेलच की त्याला मॉनिटर करा, जबाबदारी आली की सुधारतो. करू नका. उरलेल्या ६१ जणांना त्यातून एवढंच कळतं की जास्त बोललं की पद मिळतं. ते शिक्षण त्यांना पुढे आपोआप मिळणारच आहे, शाळेनं घाई करायची गरज नाही.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०.४०

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. कडू वाटेल, पण लिहितो. आमच्या वेळी बाप पोराला शाळेत आणून सोडायचा आणि म्हणायचा, "गुर्जी, चांगला ठोकून काढा, आमची काही तक्रार नाही." ओल्या निरगुडीचा फोक कपाटावर नुसता ठेवलेला असला तरी वर्ग शांत असायचा. रोज वापरावा लागत नव्हता. आता शिक्षकाचे हात बांधून त्याच्यापुढे ६२ पोरं बसवायची आणि वर म्हणायचं, वर्ग सांभाळा. कसा सांभाळायचा, ते कोणी सांगत नाही.

वकीलबाई | सोमवार, रात्री ११.१५

जुनाजाणता काका, हात बांधलेले आहेत ते मारण्यापुरते, आणि ते बांधलेलेच बरे. गैरसमज बरेच दिसतात म्हणून कायद्याचं थोडक्यात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. भंग केला तर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई. 'मानसिक छळ' हे शब्द नीट वाचा. "तुझ्या बापानं तुला कशाला जन्माला घातलं" हे वाक्यही त्यात बसू शकतं, नुसती छडी नव्हे.

काही शिक्षक हुशारी करतात की हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, नववीतलं पोरगं पंधरावं लागलेलं असतं, म्हणजे सुटलो. नाही सुटलात. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये मूल म्हणजे १८ पूर्ण न झालेली व्यक्ती, आणि त्यातलं कलम ७५ मुलाचा ताबा किंवा देखरेख ज्याच्याकडे आहे त्याने केलेल्या क्रूरतेबद्दल आहे. एखाद्या प्रकरणात ते लागू होतं की नाही यावर कोर्टात वाद होतात, पण तो वाद घालायला आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्हीच उभे असता.

आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, काढून टाकण्याची नाही. नववीला ती अट नाही, पण एका टोमण्यावरून दाखला हातात देण्याचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा.

सायली, तुमच्या प्रकरणात कायद्याची गरजच नाही. मला त्यात चुकलेला माणूस एकच दिसतो, आणि तो नववी ब मध्ये शिकत नाही.

बाकावरचा | मंगळवार, सकाळी ७.३०

आम्ही आरोपी पक्षातर्फे. शेवटचा बाक, खिडकीकडची बाजू.

आमच्या वर्गात गुणगुण्याचा प्रकार होता. तोंड मिटायचं, नाकातून 'हंऽऽ' असा आवाज काढायचा. ओठ हलत नाहीत, चेहरा पुस्तकात. सर जवळ आले की त्या रांगेतला आवाज बंद, पलीकडच्या रांगेतला चालू. सर तिकडे वळले की उलट. सरांना पकडता येईना, म्हणून एकदा त्यांनी मधल्या चार बाकांना सरसकट ओणवं केलं. त्यात दोघं कधीच न गुणगुणलेली होती. दुसऱ्या दिवशी तीही गुणगुणायला लागली. एवीतेवी ओणवं राहायचंच आहे तर मजा तरी घ्यावी.

भूगोलाच्या बाईंनी मात्र आमचं दुकान बंद केलं. त्या फळ्याजवळ थांबायच्याच नाहीत. नकाशा टांगून एखाद्या मुलीला पट्टी घेऊन उभी करायच्या आणि स्वतः आमच्या मागे, भिंतीला टेकून शिकवायच्या. मागे बसण्याचा सगळा फायदा शिक्षक पुढे असण्यात असतो हो! बाई मागे आल्या की आम्हीच पहिल्या बाकावर. ओरडल्या एकदाही नाहीत.

ज्यांनी मारलं त्यांची भीती वाटायची, पण शाळेपुरती. बाहेर त्यांच्या सायकलच्या व्हॉल्व्हला सुरक्षितता नव्हती.

खडूपूड | मंगळवार, सकाळी ८.०२

बाकावरचा यांना शंभर मोदक. बाईंनी बी.एड.च्या पुस्तकातलं केलं की स्वतःच्या डोक्यातलं, देव जाणे. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण करून हेच पाहिलं होतं (त्याचं काम १९७० ला प्रसिद्ध झालं). तो शोधत होता की दंगा झाल्यावर चांगले शिक्षक नेमकं काय वेगळं करतात. सापडलं असं की दंगा झाल्यावर चांगले आणि वाईट शिक्षक जे करतात त्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो आधीचा: कुठे काय चाललंय ते शिक्षकाला दिसतं हे मुलांना जाणवतं का, तास रखडतो का, नुसतं बसून राहायला मुलांकडे किती वेळ उरतो.

सरसकट ओणवं करण्याबद्दल तर बोलायलाच नको. ज्यांनी काही केलं नाही ती मुलं शिक्षकाची बाजू सोडतात. वर्गातली खरी ताकद त्या मधल्या ४० पोरांत असते. ती हसली नाहीत तर मागचे दहा काय करणार?

नववीतल्याचा_बाप | मंगळवार, दुपारी १.१५

मी शिक्षक नाही. माझा पोरगाही नववीत आहे आणि त्याच्या तक्रारी येतात, म्हणून लिहितो.

शाळेतून फोन आला की आमच्या पोटात गोळा येतो. चांगल्यासाठी फोन कधी आलेला नाही. गेल्या वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापून गेलो. ऑफिसात मला उभंच ठेवलं. शिपाई, क्लार्क, फी भरायला आलेली दोन माणसं, सगळ्यांसमोर सर म्हणाले, "घरी काही वळण आहे की नाही?" पोरगा शेजारी उभा. बाप सगळ्यांसमोर खाली मान घालतो, हे त्यानं बघितलं. घरी गेल्यावर मी त्याला पट्ट्यानं मारला. शाळेनं मारला नाही, शाळेनं माझ्याकडून मारवून घेतला. "पालकांना बोलावून आण" म्हणताना त्या मुलाला काय ऐकू येतं, याचा विचार गुरुजन करतात का?

त्यानंतर तो सरांशी जास्त तिरसटपणे वागायला लागला.

मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी २.००

वरचा प्रतिसाद माझ्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवणार आहे. नाव न घेता.

अवांतर: एक ऑगस्टला आपण काय करतो? टिळकांच्या फोटोला हार घालतो आणि पाचवीतल्या पोराकडून ठसक्यात म्हणवून घेतो, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." टाळ्या. दोन ऑगस्टला त्याच पोरानं "मी कागद टाकला नाही, मी उचलणार नाही" म्हटलं की तो उद्धट! गंमत सोडा, पण या गोष्टीतला फरक मुलांनाही कळतो. टरफलाचं उत्तर अन्यायाला होतं. अठरा हजाराचं उत्तर कशाला होतं?

बाकावरचा | मंगळवार, दुपारी २.१०

आमच्याकडे टरफलं खाल्लेलीच होती, त्यामुळे टिळक होता आलं नाही.

जुनाजाणता | मंगळवार, सायंकाळी ६.३०

नववीतल्याचा बाप यांचं लिहिणं दुपारी वाचलं, मग उत्तर लिहायला वेळ घेतला. निरगुडीचं मी लिहिलं ते आमच्या काळाचं वर्णन होतं. सायली मॅडमनी उद्या फोक आणावा असं माझं म्हणणं नाही. पण भीती काढून घेतल्यावर त्या जागी काही ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही, एवढं म्हणणं कायम आहे. समुपदेशक कागदावर. वर्गशिक्षकाला निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी. मुलाशी बोलायला दहा मिनिटं काढायची कुठून?

आता मुख्याध्यापकांबद्दल. वकीलबाईंशी मी पूर्ण सहमत. शिक्षकाचं चुकत असलं तरी वर्गासमोर त्याला एक शब्द बोलायचा नाही, हा नियम माझ्या शाळेत पर्यवेक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना होता. राउंडला असताना बाहेर उभं पोर दिसलं की मी त्याला माझ्याबरोबर फिरवायचो. तास संपला की शिक्षकाच्या ताब्यात. बोलायचं ते दुपारनंतर, केबिनचं दार लावून. आणि तिथे मी कडक बोलायचो बरं का.

मुख्याध्यापक ज्या शिक्षकाला वर्गासमोर बोलतात, त्या शिक्षकाला दुसऱ्या दिवसापासून वर्गही बोलतो. सगळ्यात आधी याचा फटका तासिका तत्त्वावरच्यांना, म्हणजे तासामागे पैसे मिळणाऱ्या शिक्षकांना बसतो. पोरांना कोण कायम, कोण शिक्षणसेवक, कोण तासिकेवरचं, हे टाचणीइतकं बारीक माहीत असतं. सह्या करायच्या मस्टरमध्ये कोणाचं नाव नाही, चहा कोणाला नंतर मिळतो, कोणाला 'मॅडम' म्हणतात आणि कोणाला 'ओ बाई'. पोरं हे सगळं बघतात आणि तेच आपल्याला परत करतात.

टेम्सकाठची | मंगळवार, रात्री ११.५०

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आधी सोलापूरला शिकवायचे. इकडे सगळं आलबेल आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगते: माझ्या उच्चारांची नक्कल माझ्याच तासाला होते.

इथल्या सरकारी शाळांतली छडी १९८७ ला गेली. खासगी शाळांत तर ती इंग्लंड-वेल्समध्ये १९९९ पर्यंत कायदेशीर होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. छडीच्या जागी त्यांनी एक उतरंड आणली. आधी ताकीद, मग जागा बदलणं, मग शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं (याला पालकांची परवानगी लागत नाही), आणि फारच झालं तर मुख्याध्यापकांकडून निलंबन, तेही वर्षात जास्तीत जास्त ४५ शाळेचे दिवस. सगळ्या शिक्षकांना तीच उतरंड, त्यामुळे "त्या सरांकडे चालतं, तुमच्याकडेच का नाही" हे भांडण कमी होतं.

उतरंडीपेक्षा मला उपयोगी पडते ती एक साधी सोय. वर्गात प्रकरण हाताबाहेर गेलं की मी निरोप धाडते आणि ड्युटीवरचे वरिष्ठ येऊन मुलाला घेऊन जातात. माझ्याशी वर्गासमोर एक अक्षर बोलत नाहीत. काका, तुम्ही पोराला बरोबर फिरवायचात, ते हेच. पैसा लागत नाही याला.

तोटाही सांगते. नियमांचं यंत्र हातात असलं की काही सहकारी बोलणंच सोडून देतात. फॉर्म भरला, शिक्षा झाली, विषय संपला. त्याच मुलाला दर आठवड्याला तीच शिक्षा.

सायली_विज्ञान | शुक्रवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगते.

परवा पुन्हा खोकला झाला. खडूपूड सरांचं वाक्य वापरलं, नाव घेतलं, भेटायला सांगितलं, लगेच फळ्यावर उदाहरण घातलं. आवाज कापत होता, पण खाली ठेवल्यामुळे बहुतेक कळला नसावा. काही जण हसले. बाकावरचा यांच्या बाईंसारखी मागे जाऊन उभी राहिले. तिथून कळलं की शेवटच्या तीन बाकांवरून फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसतच नाही! एवढे दिवस मी निम्मं त्यांच्यासाठी लिहीतच नव्हते.

तो प्रयोगशाळेत आला. परिचर मामा टोकाला परीक्षानळ्या धूत होते. आधी "मी नव्हतोच." मी काही म्हटलं नाही. मग "सगळेच म्हणतात." सगळे म्हणजे कोण? खूप वेळानं म्हणाला, "सरलोकच म्हणतात टपरीवर. अठरा हजारी मॅडम." त्याच्या काकाची चहाची टपरी शाळेसमोरच आहे. आमच्याच स्टाफमधले दोघं-तिघं तिथे रोज बसतात. मी त्याला एवढंच म्हटलं, की कुणी का म्हणेना, माझ्या तासाला मला चालणार नाही, आणि तुला चिडून काही विचारायचं असेल तर इथे येऊन विचार. सॉरी वगैरे म्हणवून घेतलं नाही. तो 'बरं' म्हणाला आणि गेला. कालपासून खोकला नाही, पण तो माझ्याकडे बघतही नाही.

मुख्याध्यापकांनाही भेटले. म्हटलं, माझं चुकलं तर केबिनमध्ये सांगा, वर्गासमोर नको. ते "बघू" म्हणाले.

आता नवीन भानगड. परवाचा दारातला प्रसंग कुणीतरी खिडकीतून शूट केला होता. वर गाणं लावून इन्स्टावर टाकलाय. नववीच्या मुलींनीच मला दाखवला. मोबाइल आणायला बंदी आहे, तरी आणतात. उद्या सगळ्यांची दप्तरं तपासू का?

वकीलबाई | शुक्रवार, रात्री १०.००

दप्तरं तपासू नका आणि कुणाचा फोन हातात घेऊन गॅलरी तर अजिबात उघडू नका. त्यात मुलामुलींचं काय काय खासगी निघेल आणि प्रकरण तुमच्यावरच शेकेल. व्हिडिओ पुढे कुणालाही पाठवू नका, स्टाफच्या ग्रुपवरही नाही. त्यात अल्पवयीन मुलाचा चेहरा आहे. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आपल्यापाशी ठेवा, इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करा. टाकणारं पोरगं कळलं तर त्याच्याकडूनच काढायला लावणं सगळ्यात जलद. पोलिसात धावायचं काही कारण मला यात दिसत नाही.

खडूपूड | शुक्रवार, रात्री १०.२०

त्या मुलींनी तुम्हाला येऊन दाखवला, हे लक्षात घ्या मॅडम. मधली ४० म्हणतो ती हीच. त्यांची नावं मात्र कुणाला सांगू नका.

टपरीवाल्या सहकाऱ्यांचं काय करणार आहात? मला विचाराल तर पोरापेक्षा ते आधी. भांडण नको. मधल्या सुट्टीत त्यातल्या एकाला बाजूला घेऊन एवढंच सांगा की तुमचा विनोद नववी ब पर्यंत पोचला आहे, उद्या तुमच्यावरचाही पोचेल.

नववीतल्याचा_बाप | शुक्रवार, रात्री १०.४५

मॅडम, त्या मुलाच्या घरी फोन केला नाहीत, बरं केलंत. केलाच कधी तर एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी करा. कार्याची व्याख्या त्याला येते, तेवढंही चालेल.

जुनाजाणता | शनिवार, सकाळी ६.५०

"बघू" म्हणजे ते बघणार नाहीत. त्या खुर्चीत बसलेलो आहे म्हणून सांगतो. व्हिडिओच्या निमित्तानं लेखी द्या. अर्धं पान पुरे. कुठल्या तारखेला, कितव्या तासाला काय झालं, व्हिडिओ कोणत्या तारखेला दिसला, आणि शाळेकडून दोन गोष्टी हव्यात: मोबाइलबाबत पालकसभेत सूचना, आणि वर्गाबाहेर पाठवलेलं मूल कुणी ताब्यात घ्यायचं याची ठरलेली पद्धत. मुलाचं नाव अर्जात घालू नका, 'नववी ब मधील एक विद्यार्थी' असं लिहा. मुख्याध्यापक दारात काय बोलले तेही त्यात नको, ते तोंडी सांगून झालेलं आहे. टपरीचा उल्लेख तर नकोच नको.

दोन प्रती काढा. एक क्लार्ककडे द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणेल, "ठेवा मॅडम, नंतर देतो." उभ्या राहा.